नाल्याकाठचं मेलेलं रानडुक्कर : फोनपासून अहवालापर्यंत

"साहेब, नाल्यात रानडुक्कर मरून पडलं हाये, लय वास सुटला." कापूस वेचणीच्या दिवसांत असा फोन आला की आमचं उत्तर ठरलेलं असतं. भाऊ, हात लावू नका, ओढू नका, कुत्री लांब ठेवा आणि बीट गार्डला, म्हणजे तुमच्या भागाच्या वनरक्षकाला, आत्ताच कळवा. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतं. वनविभागाचा माणूस येऊन पंचनामा झाल्याशिवाय आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातलेही त्याला सुरी लावत नाही.

जागेवर गेल्या गेल्या रोगाचं नाव घ्यायचं नाही. आपल्याकडे रानडुकरं तारेच्या करंटनं मरतात, विषानं मरतात, गाडीखाली येतात. करंट लागला असेल तर पायावर किंवा नाकाडावर बहुधा जळल्याची खूण सापडते. तापानं मेलेलं जनावर पुष्कळदा पाण्याजवळ, गारव्याला येऊन पडतं. या खेपेला तसंच होतं: कान आणि पोटाची कातडी जांभळट, नाकाशी रक्ताळ फेस, आणि वर दोनशे पावलांवर दुसरं, अर्धं कुजलेलं.

आफ्रिकन स्वाइन फीवर आणि क्लासिकल स्वाइन फीवर हे डुकरांचे दोन विषाणूजन्य ताप नुसत्या नजरेनं वेगळे करता येत नाहीत. विषाणू मात्र दोन अगदी वेगळ्या कुळांतले. क्लासिकलला लस आहे, आफ्रिकनसाठी आपल्याकडे लस नाही, औषध तर दोन्हींना नाही. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आफ्रिकन आढळला, तेव्हापासून आम्ही दोन्हींची तपासणी एकदमच मागतो. जमलेल्या लोकांना आधी हे सांगायचं की दोन्ही रोग माणसाला होत नाहीत. नाहीतर गावात भलतीच घबराट होते.

खरी कसोटी नमुना घेण्यात आहे. आफ्रिकनचा विषाणू रक्तात भरपूर असतो आणि थंडीत, ४ अंशांवर, रक्तात वर्षभराहून अधिक टिकतो. म्हणून पोट फाडून पूर्ण शवविच्छेदन नाल्यात करू नये. सांडलेलं रक्त मातीत जातं आणि ती माती हुंगायला, उकरायला दुसरी रानडुकरं येतात. आम्ही जाड प्लास्टिक अंथरलं, मांडीच्या आतल्या बाजूला लहान चीर देऊन तिथली लसिका गाठ काढली आणि रक्तात भिजवलेले दोन स्वॅब घेतले. कुजलेल्या डुकराचं मांडीचं हाड अख्खं घेतलं, कारण मांस सडलं तरी हाडातल्या मगजात विषाणूचा अंश मिळतो.

फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला तुकडा पीसीआरला, म्हणजे विषाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीला, चालत नाही. ही चूक फार होते. दुसरी चूक लेबलची. शाईनं लिहिलं की बर्फाच्या ओलीनं अक्षरं पुसतात, म्हणून पेन्सिल वापरायची. घट्ट झाकणाची नळी, तिच्याभोवती कापूस, मग झिप पिशवी, मग जेल पॅकसह थर्माकोलचा डबा. सोबत जागेचे अक्षांश-रेखांश, फोटो आणि पंचनाम्याची प्रत. नमुना वरिष्ठांमार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातो. शुक्रवारी कुरिअरला देऊ नये. डबा सुटीत कुठंतरी पडून राहतो आणि बर्फ वितळतो.

पुरण्याची जागा वनविभागानं दाखवली, विहीर आणि नाल्यापासून लांब, मुरमाड. काळ्या मातीत पुरू नका. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, वास बाहेर येतो आणि कुत्री उकरतात. खड्डा सहा फूट. जनावर प्लास्टिकसकट खाली, त्यावर दीड फूट माती, मग चुना, मग उरलेली माती दाबून. वरून बाभळीच्या काट्या. चुना थेट अंगावर टाकला की कुजणं मंदावतं, म्हणून मध्ये मातीचा थर.

गमबूट आधी ब्रशनं चिखल काढून धुवायचे, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. एका लिटरला ८ ग्रॅम, पूर्ण ३० मिनिटं. चिखल तसाच राहिला तर औषध वाया जातं. सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीच नाही, आणि हातात रबरी मोजे हवेतच.

अहवाल आला: आफ्रिकन निगेटिव्ह, क्लासिकल पॉझिटिव्ह. म्हणजे गावातली डुकरं वाचवता येणार होती. मोकाट डुकरं पहाटे खरकटं टाकताना मालकाच्या हाकेनंच गोळा होतात, तेव्हाच लस द्यायची. ताप असलेल्याला नाही, प्रत्येकाला नवी सुई, कारण सुईनंच रोग पसरतो. विरघळवलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची. मालकांना आम्ही दोन गोष्टी हात जोडून सांगितल्या: हॉटेलचं खरकटं अर्धा तास उकळल्याशिवाय घालू नका, आणि मेलेलं डुक्कर नाल्यात टाकू नका. गावचं मेलेलं रानडुकरं खातात आणि रोग रानात जातो. २००९ च्या पशुरोग कायद्यानं आजाराची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे, पण लोक कायद्यापेक्षा ओळखीच्या माणसाला फोन करतात. म्हणून दवाखान्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आलो.