आयर्विनची पातळी आणि एक साधी टेक्स्ट फाइल

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्याही वर गेलेलं, हे गावभागातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. बाबा ही पातळी तासातासाला वहीत टिपतात. त्यांच्यासाठी मी क्यूटीत (Qt, सी++ मध्ये प्रोग्राम बनवायची साधनपेटी) छोटा प्रोग्राम केलाय. वेळ, फूट, इंच, कोयनेचा विसर्ग, शेरा. एंटर मारलं की ओळ फाइलीत.

डेटाबेस का नाही, असं एका मित्रानं विचारलं. अहो, पूर आला की आधी लाइट जाते! घर सोडायची वेळ आलीच तर पेनड्राइव्ह खिशात टाकायचा आणि मिरजेला मामाकडे जो असेल त्या कॉम्प्युटरवर नोटपॅडात फाइल उघडायची.

नवी ओळ जोडायला क्यूटीचा फाइल हाताळणारा क्लास क्यूफाइल, अपेंड मोडमध्ये, म्हणजे जुन्या मजकुराच्या शेवटी भर. उघडायची, क्यूटेक्स्टस्ट्रीम या मजकूर लिहिणाऱ्या क्लासनं लिहायचं, लगेच बंद. स्ट्रीम मजकूर काही काळ स्वतःच्या बफरमध्येच, म्हणजे मेमरीत, ठेवतो, त्यामुळे फाइल दिवसभर उघडी ठेवली आणि लाइट गेली की शेवटच्या ओळी गेल्याच म्हणून समजा. फाइल खरंच उघडली का, हे ओपनचं उत्तर तपासायचंच. पेनड्राइव्ह कुणीतरी काढून नेलेला असतो.

जुनी नोंद दुरुस्त करायची तर अख्खी फाइल पुन्हा लिहावी लागते. तिथं क्यूसेव्हफाइल. हा क्लास आधी तात्पुरत्या फाइलीत लिहितो आणि कमिट म्हटल्यावरच ती मूळ फाइलीच्या जागी बसवतो. मध्येच काही बिनसलं तर जुनी फाइल शाबूत. कमिट केलंच नाही तर मात्र सगळे बदल गुपचूप टाकून देतो. आणि त्याला अपेंड चालत नाही, म्हणून दोन्ही क्लास लागतात.

खरी डोकेदुखी फूट-इंचांची. बाबा ३९ फूट ६ इंच हे '३९.६' असं लिहितात. प्रोग्रामच्या लेखी तो दशांश. खरं तर ६ इंच म्हणजे अर्धा फूट, ३९.५. शिवाय ३९ फूट ११ इंच कसं लिहिणार? म्हणून फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत, मध्ये टॅब. आकडे इंग्रजी, कारण मजकुराचा आकडा करणाऱ्या क्यूस्ट्रिंगच्या टूइंटला मराठी '४०' दिला की हातात शून्य येतं. धरणातलं पाणी सोडल्यावर आयर्विनला शून्य फूट!

शेरा मात्र मराठीतच. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत (एन्कोडिंग), 'सांगली' या शब्दाची सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १८. क्यूटी ६ मध्ये स्ट्रीमचं एन्कोडिंग आपसूक यूटीएफ-८ असतं. ५ मध्ये ते सांगावं लागायचं, नाहीतर विंडोजवर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. भावाला आलेख काढायला फाइल स्प्रेडशीटमध्ये हवी होती, तिथं मराठीचा पार चिवडा झाला. नवी फाइल तयार करताना सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे ही फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या खुणेचे, तीन बाइट घातले, मग स्प्रेडशीटनं मराठी ओळखलं.

आता बाबांना आलमट्टी धरणाचा विसर्गही हवाय. तो रकाना ओळीच्या शेवटी जोडलाय. जुन्या ओळींत तो नाही, म्हणून वाचताना टॅबवर ओळ तोडून आधी तुकडे मोजतो. एक कमी भरला तर आलमट्टी कोरी सोडतो.