अलिबाग ते जेरुसलेम: बेने इस्रायल समाजाच्या राजकारणाचा माग

बेने इस्रायल म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. त्याच्या अभ्यासासाठी अलिबागला कधी जायचं, हे नुसतं हवामान पाहून ठरत नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते, एवढी एक गोष्ट सोडली तर बाकीचं वेळापत्रक हिब्रू पंचांग ठरवतं. तू बिश्वाट हा झाडांचा सण म्हणजे शवाट महिन्याची पंधरावी तिथी. ती जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही येते. महिना चांद्र असल्यामुळे आपली पौष नाहीतर माघ पौर्णिमा तिच्या आसपासच असते. त्या सुमारास मुंबई-ठाण्याची मंडळी अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या खडकाशी मलिदा, म्हणजे ताट मांडून आशीर्वाद म्हणण्याचा विधी, करायला येतात. एरवी कोकणात महिनाभर फिरूनही जेवढी माणसं भेटणार नाहीत, तेवढी इथे एका सकाळी भेटतात.

संदेष्टा एलियाहू इथूनच रथातून स्वर्गात गेला आणि खडकावरच्या खुणा त्याच रथाच्या, अशी समाजाची श्रद्धा. अभ्यासकाने मात्र खडकापेक्षा ताटाकडे लक्ष द्यावं. भिजवलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर, वेलदोडा, सुकामेवा आणि वर फळं. प्रत्येक प्रकाराचा आशीर्वाद वेगळा म्हणतात: खजूर झाडाच्या फळात जातो, केळं मात्र जमिनीच्या पिकात. वासाच्या आशीर्वादासाठी सब्जाची डहाळी असते. हे पठण कोण करतं, ताट आधी कोणापुढे जातं, देणगीची वही कोणाच्या हातात आहे, हे टिपून ठेवायचं. आशीर्वाद संपेपर्यंत आपण ताटाला हात लावायचा नाही.

ही पाहण्याची रीत मी डॅनियल एलाझार यांच्याकडून घेतली आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात शिकवणाऱ्या या राज्यशास्त्रज्ञाने अर्धी हयात अमेरिकेतल्या संघराज्याच्या अभ्यासात घालवली आणि अर्धी जगभरच्या ज्यू समाजांच्या संघटनांचा अभ्यास करण्यात. राज्य नसलं तरी ज्यू समाज स्वतःचा कारभार चालवतो, तेव्हा तो राजकीय समूहच आहे, ही त्यांची भूमिका. तोरा (धर्मशास्त्र), कहुना (पुरोहितपण) आणि मलखूत (राज्यकारभार) या परंपरेतल्या तीन मुकुटांवरून ते सत्तेची विभागणी समजावत. कायदा कोण सांगतो, उपासना कोण चालवतो आणि समाजाचा व्यवहार कोण पाहतो, हे तीन प्रश्न कोकणात विचारले की लगेच गंमत दिसते. इथे रब्बी, म्हणजे धर्मशास्त्र सांगणारे पंडित, नव्हते. बेने इस्रायलांत कोहेन, म्हणजे वंशपरंपरागत पुरोहितही नाहीत. तंटे आणि धर्मविधी पाहायला काजी होते, आणि परंपरेने ते झिराडकर, राजपुरकर व शापूरकर या तीन घराण्यांतले. पुढे सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) उभे राहिले तसे मुकादम (प्रमुख), चौगुले (त्याचे मदतनीस), गब्बाई (खजिनदार), हज्जान (प्रार्थना म्हणणारा) आणि शम्माश (सेवेकरी) हे मानकरी आले. पहिला मुकुट अर्धा रिकामा राहिला आणि तिसरा जड झाला.

अलिबागच्या एसटी स्टँडवरून इस्राएल आळी चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथला मागेन आबोथ सिनेगॉग 1848 चा, आजची वास्तू 1910 ची. रेवदंड्याचा बेथ एल 1842 चा. फोन न करता गेलात तर कुलूप पाहून परत याल, कारण सामुदायिक प्रार्थनेला 10 प्रौढ पुरुष लागतात आणि गावात तेवढे जमत नाहीत. जमावाची प्रार्थना पाहायची असेल तर ठाण्याला 1879 च्या शाआर हाशामाईममध्ये जावं. 26/11 ला मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून सगळीकडे ओळखपत्र तपासतात. संस्थेच्या लेटरहेडवर विनंतीपत्र आणि ओळखपत्राची प्रत आधी पाठवलेली बरी.

नवख्या अभ्यासकाची फजिती होते ती शनिवारी. शब्बाथला लिहायचं नाही, फोटो नाही, रेकॉर्डिंगचा तर प्रश्नच नाही. वही बाहेर काढली की बोलणारा माणूस गप्प होतो. सगळं डोक्यात ठेवायचं आणि आकाशात तीन तारे दिसले की एका बैठकीत उतरवून काढायचं. त्यासाठी मी बसण्याचा नकाशा पाठ करते: तेवाजवळ (पठणाच्या चौथऱ्याजवळ) कोण, दाराशी कोण, तोराची गुंडाळी काढायला कोणाला बोलावलं. बायकांची गॅलरी असेल तर हे वरून जास्त स्वच्छ दिसतं, तेव्हा तिथे बसावं लागतं म्हणून कुरकुरू नये.

नवगावला स्मारकस्तंभ आहे. जहाज फुटून वाचलेली सात पुरुष-सात स्त्रियांची जोडपी इथे किनाऱ्याला लागली आणि बुडालेल्यांना इथेच पुरलं, असं परंपरा सांगते. जुन्या दफनभूमींत पुष्कळ थडग्यांवर अक्षरं नसतात. जिथे असतात तिथे चुन्याने भरलेली असतात. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस; तारेचा ब्रश, खडू किंवा ॲसिड लावलं की दगड कायमचा गेला. सकाळचं तिरकं ऊन असताना वाचावं. हिब्रू साल अक्षरांत असतं आणि हजार बहुधा गाळलेले असतात: ताव् 400, रेश 200, आयिन 70, आलेफ 1, म्हणजे 671, पूर्ण साल 5671. त्यातून 3760 वजा केले की 1911 येतं. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदलतं, त्यामुळे वर्षाच्या पहिल्या तीनेक महिन्यांतली तारीख असेल तर 3761 वजा करायचे. महिना न वाचता साल काढलं की मृत्यू-नोंदीशी ताळमेळ बसत नाही.

आता मतदानाबद्दल. ‘ज्यू लोक कोणाला मत देतात?’ असा प्रबंध लिहायला निघालेल्यांना मी आधीच परावृत्त करते. 2011 च्या जनगणनेत देशभरात पाच हजारांच्याही आत ज्यू नोंदले गेले, आणि मुख्य सहा धर्मांत ते नसल्याने आकडा ‘इतर धर्म’ तक्त्यांत शोधावा लागतो. मतदारयादीत धर्म नसतो. आडनावावरून ओळखावं तर दिवेकर, पेणकर, अष्टमकर हिंदूही आहेत, कारण दोघांनीही नाव गावावरून घेतलं. पहिल्या नावावरून ओळखावं तर सॅम्युअल आणि मोझेस ख्रिस्ती घरांतही सापडतात. दोन्ही जुळली तरी एका वॉर्डात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. त्यांवरून टक्केवारी काढणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

खरं राजकारण दिसतं ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. सिनेगॉग हे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचे ट्रस्ट आहेत. विश्वस्त बदलले की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. कोणाला त्यावर हरकत असेल तर तीही त्याच प्रकरणात नोंदली जाते. कोण कोणाविरुद्ध उभा राहिला, सभासद कोणाला धरायचं, वर्गणी थकलेल्याला मत आहे का, ही भांडणं तिथे तारखेनिशी मिळतात. अर्जात ट्रस्टचा नोंदणी क्रमांक लागतोच. नुसत्या नावावर शोधायला सांगितलंत तर स्पेलिंगमध्ये अडकाल, कारण एकाच सिनेगॉगचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं.

मुंबईत पाहायचं ते मांडवीतलं शाआर हारहामीम, 1796 चं, सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेलं. भायखळ्याचा मागेन डेव्हिड आणि फोर्टातला निळा केनेसेथ एलियाहू हे बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंचे. पर्यटक तिथेच गर्दी करतात आणि दोन्ही समाज एकच समजून परततात. माझगावची शाळा 1875 मध्ये हायम सॅम्युअल केहिमकर यांनी इस्रायली मुलांसाठी काढली. मराठी वाचणारा, अर्ज-निवेदनं लिहिणारा वर्ग इथूनही घडला. 1917 मध्ये बेने इस्रायल परिषद आणि पुढच्याच वर्षी ऑल इंडिया इस्रायलाइट लीग निघाली. एवढ्याशा समाजात दोन संस्था, कारण प्रश्न दोन: सरकारशी निष्ठा ठेवून आपलं पाहायचं, की राष्ट्रीय चळवळीकडे झुकायचं? 1937 मध्ये डॉ. इ. मोझेस मुंबईचे महापौर झाले, तेही स्वतंत्र मतदारसंघाशिवाय. राज्यात अल्पसंख्याक दर्जा मिळाला तो मात्र थेट 2016 मध्ये.

कोकणाच्या दप्तराचा उरलेला भाग जेरुसलेममध्ये वाचावा लागतो. तिथे आठवडा रविवारी सुरू होतो आणि शुक्रवारी दुपारपासून सगळं थंडावतं, हे तिकीट काढतानाच लक्षात घ्यावं. 1951-52 मध्ये इस्रायलमध्ये गेलेल्या काही बेने इस्रायलांनी भेदभावाविरुद्ध धरणं धरलं आणि आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. काहींना खरोखर विमानाने परत पाठवलं गेलं. त्याहून मोठी लढाई लग्नावरून झाली. कोकणात घटस्फोट आणि दिराशी लग्नाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले का, अशी शंका काढून मुख्य रब्बींच्या कार्यालयाने 1962 मध्ये बेने इस्रायलांशी लग्न लावण्यापूर्वी पूर्वजांची चौकशी सांगितली. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं, ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, समाजाची बाजू घेतली आणि रब्बींच्या कार्यालयाला त्या आदेशातून बेने इस्रायलांचं नाव काढावं लागलं.

रब्बीच नसलेल्या गावांत काजी आणि मुकादमांनी दिलेले निवाडे असे शे-दीडशे वर्षांनी परदेशात तपासले गेले. म्हणून अलिबागला लग्नाची जुनी नोंदवही दाखवली तर नवरा-नवरीच्या नावांवर थांबू नये. शेवटच्या रकान्यात साक्षीदार कोण आणि लग्न कोणी लावलं, हे आधी उतरवून घ्यावं.