खिडकी बिघडली म्हणून खिडकी बदलू नका

ब्रिटनमध्ये घर भाड्याचं असो की स्वतःचं, पहिला हिवाळा आला की लक्ष खिडक्यांकडे जातं. इथल्या बहुतेक घरांना यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, चौकटीतली दुहेरी काचेची दारं-खिडक्या असतात आणि काही वर्षं उलटली की त्या कुरकुरायला लागतात. काचेच्या आत धुकं धरतं, दार लावताना हँडल जोर लावून उचलावं लागतं, बंद खिडकीतून गार वारा मानेवर येतो. मग एखादा विक्रेता घरी येतो, टेप लावतो, जरा हळहळतो आणि घरातल्या सगळ्याच खिडक्या बदलायचा आकडा सांगून जातो. आमच्याकडेही असा एक येऊन गेला. गंमत म्हणजे आमच्या एकाही खिडकीची चौकट खराब नव्हती. बिघडले होते ते सुटे भाग, आणि ते सगळे वेगळे मिळतात.

आधी ही काच आतून कशी असते ते सांगते, कारण सगळं निदान त्यावरच आहे. दोन काचांच्या मध्ये कडेने एक पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. त्या पट्टीत ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटाइलचा रबरासारखा चिकट थर आणि बाहेरून आणखी एक सील. मधल्या जागेत हवा किंवा आर्गॉन वायू. आर्गॉनमधून उष्णता हवेच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगानेच जाते, म्हणून नव्या काचांत तो भरतात. उन्हाने-थंडीने हा सगळा जोड वर्षानुवर्षं फुगतो, आकसतो. सील कुठेतरी सुटतं आणि बाहेरची दमट हवा आत शिरते. दाणे काही काळ तो ओलावा गिळतात. त्यांचं पोट भरलं की काचेवर धुकं दिसायला लागतं. म्हणजे धुकं दिसलं तो दिवस बिघाडाचा पहिला दिवस नव्हे, तो बराच आधी सुरू झालेला असतो.

पण काचेवर पाणी दिसलं की सील गेलं असं नाही. बोट फिरवून बघा. खोलीच्या बाजूने पुसलं जात असेल तर दोष काचेचा नाही, घरातल्या दमटपणाचा आहे: रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, झाकण न ठेवता उकळणारं भांडं, आणि थंडीच्या भीतीने बंद केलेले चौकटीच्या वरचे व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके. ते व्हेंट उघडे ठेवायचे असतात, हे इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. बाहेरच्या बाजूने दव असेल तर उलट खूश व्हा. काच इतकी चांगली अडवतेय की घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही, म्हणून ती गार राहते आणि शरद ऋतूतल्या सकाळी तिच्यावर दव पडतं. दोन्हीकडून पुसून जात नाही तेच आतलं धुकं.

त्यावर काचेला बारीक भोकं पाडून आतला ओलावा काढून देणारे लोक आहेत. मला तो उद्योग पटत नाही. काच स्वच्छ दिसते हे खरं, पण आर्गॉन केव्हाच गेलेला असतो, सील फुटकंच राहतं आणि काचेवरचा उष्णता परावर्तित करणारा थर ओल्याने डागाळला असेल तर तो काही परत येत नाही. त्यापेक्षा चौकट तशीच ठेवून फक्त काचेची जोडी बदलावी. इंग्लंडमध्ये नुसती काच बदलायला बिल्डिंग रेग्युलेशनची परवानगीही लागत नाही.

हे काम वाटतं तितकं अवघड नाही. काच चौकटीत चारी बाजूंच्या बीडिंगच्या पट्ट्यांनी धरलेली असते. सगळ्यांत लांब पट्टीच्या मध्यावर, पट्टी आणि चौकट यांच्या फटीत, पुट्टी लावायची रुंद पात्याची सुरी बसवायची आणि हलकेच ठोकायचं. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग एकदम टणकन आवाज येतो आणि पट्टी कमानीसारखी वाकून मध्यातून बाहेर येते. त्या आवाजाला काच तडकली असं वाटून छातीत धस्स होतं, तडकलेली नसते. प्रत्येक पट्टीमागे कोणत्या बाजूची ते पेन्सिलीने लिहून ठेवा, परत बसवताना उलट क्रमाने जायचं: आधी आखूड, मग लांब. शेवटची पट्टी कोपऱ्यात दोन्ही टोकं अडकवून मध्ये दाबायची.

काच बाहेर आली की खुद्द काचच मोजा. आधी रुंदी, मग उंची. इथले काचवाले याच क्रमाने माप घेतात आणि उलटं सांगितलं तर काच उलट्या मापाची येते. मग जाडी. नव्या चौकटींत बहुधा २८ मिलिमीटर असते, म्हणजे ४ ची काच, २० ची फट, ४ ची काच. जुन्यांत २४ किंवा २० ही सापडते. जुनी काच नसेल आणि चौकटीचा गाळाच मोजायचा असेल तर रुंदी-उंचीतून दहा-दहा मिलिमीटर वजा करतात, म्हणजे चहूबाजूंनी पाचची मोकळीक राहते. काच चौकटीला कुठेच थेट टेकता कामा नये, ती प्लॅस्टिकच्या पॅकिंगवर उभी असते. माप घेऊन जुनी काच पुन्हा जागेवर लावून ठेवायची आणि नवी आल्यावरच काढायची. पावसाचा भरवसा इथे कोणी देत नाही.

दारातली किंवा जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आत येणारी काच सुरक्षा काचच हवी. तशा काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का कोरलेला असतो. टफन केलेली, म्हणजे तापवून कणखर केलेली, काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलं तर तिचा चुरा होतो, तेव्हा मापातली चूक म्हणजे काच फुकट. आणखी एक बारकावा: उष्णता अडवणारा थर आतल्या काचेच्या पोकळीकडच्या बाजूला असायला हवा. खोलीत उभं राहून काचेसमोर लायटर पेटवला की ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, आणि एकाचा रंग वेगळा असतो. तुमच्या बाजूने दुसरं वेगळं दिसलं तर काच सुलटी बसली आहे.

आता दार. इथलं मागचं-पुढचं दार एका कुलपाने बंद होत नाही. हँडल वर उचललं की दाराच्या कडेतली लांब पट्टी सरकते आणि वर, मध्ये, खाली असे आकडे चौकटीत शिरतात, मग चावी. हँडल जड झालं की लोक जोर लावतात आणि तिथेच घात होतो, कारण तो सगळा जोर मधल्या छोट्या गिअरबॉक्सवर, म्हणजे हँडलने पट्टी सरकवणाऱ्या यंत्रावर, येतो. दार बंद असताना तो मोडला तर दार उघडायला माणूसच बोलवावा लागतो.

परीक्षा सोपी आहे. दार उघडं ठेवा, हँडल उचला, चावी फिरवा. उघड्या दारात सगळं लोण्यासारखं चालत असेल तर कुलूप ठणठणीत आहे. दार खाली बसलंय आणि आकड्यांना चौकटीतली भोकं सापडत नाहीत, एवढंच. उघड्या दारातही अडत असेल तर गिअरबॉक्स गेला. तो एकटा बदलता येतो, पूर्ण पट्टी लागत नाही. फक्त दोन मापं नीट घ्या: हँडलच्या चौकोनी दांडीच्या मध्यापासून चावीच्या मध्यापर्यंत, जे बहुतेक वेळा ९२ मिलिमीटर भरतं, आणि दाराच्या कडेपासून चावीच्या मध्यापर्यंत, जे बरेचदा ३५ असतं.

खाली बसलेलं दार बिजागऱ्यांवरून उचलता येतं. प्लॅस्टिकची टोपी काढली की ॲलन कीचे स्क्रू दिसतात. एक वर-खाली करतो, एक डावीकडे-उजवीकडे. अर्धा फेरा फिरवायचा, दार लावून बघायचं, पुन्हा अर्धा. वर-खाली करताना सगळ्या बिजागऱ्या सारख्याच फिरवा, नाहीतर सगळा भार एकीवर येतो. हे काम भर उन्हात करू नका. गडद रंगाचं दार दुपारी तापून फुगतं. तेव्हा बसवलेलं माप संध्याकाळी राहत नाही.

बिजागऱ्या फिरवूनही दार पुन्हा खाली येत असेल तर काचेभोवतीचं पॅकिंग सरकलंय. आमच्या मागच्या दाराचं तेच झालं होतं. या दारांत काच नुसती बसवलेली नसते, ती दाराला तिरकी तोलून धरते: बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पॅकिंग, आणि कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात. त्या दोन टोकांमध्ये काच ताणून बसली की पल्ला लोंबत नाही. याला इथे टो अँड हील म्हणतात. आलेल्या कारागिराने बीडिंग काढलं, लाकडी फळीच्या टोकाने काच जराशी उचलली आणि खाली अंगठ्याच्या नखाएवढ्या जाडीचे दोन तुकडे सरकवले. दार लगेच चौकटीत बसलं. नवं दार विकायला आलेल्याने बीडिंगला हातही लावला नव्हता.

खिडकीतून वारा येत असेल तर आधी रबर बघा. कोपऱ्यात आकसून फट पडली असेल तर तेवढं गॅस्केट बदलतं. रबर चांगलं आहे पण झडप एका कोपऱ्यात नीट टेकत नाही, तर स्टीलच्या पट्ट्यांची ती सरकती बिजागरी, म्हणजे फ्रिक्शन स्टे, झिजली आहे. ती घेताना लांबीबरोबर जाडीही बघा, १३ की १७ मिलिमीटर. चुकीची घेतली तर खिडकी बंदच होत नाही. कुलपाच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे चावी जाते त्या भागात, तेल घालू नका, धूळ धरून बसतं. ग्रॅफाइटची पूड चालते.

चौकटीच्या खालच्या खाचेत पाणी दिसलं तर घाबरू नका, ते तिथे येणारच. बाहेरच्या बाजूने निचऱ्याची भोकं असतात, ती किडे-मातीने बुजतात. प्लॅस्टिकची केबल टाय आत-बाहेर फिरवली की पाणी वाहून जातं. काही जण ही भोकं गळतीची समजून सिलिकॉनने बंद करतात, आणि मग पाणी खोलीत येतं.

भाड्याच्या घरात यातलं काहीही स्वतः उघडू नका. इंग्लंडमध्ये १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार घराचा सांगाडा आणि बाहेरचा भाग दुरुस्त ठेवणं घरमालकाकडे येतं. फोटो काढून लेखी कळवा. नुसत्या धुक्याला घरमालक टाळाटाळ करतील. वारा-पाणी आत येतंय किंवा दाराला कुलूप लागत नाही असं लिहिलंत तर त्यांची बाजू लंगडी पडते.

कधीकधी मात्र खरंच सगळं बदलावं लागतं: चौकट वाकली, कोपऱ्याचं वेल्डिंग फुटलं, किंवा आतलं लोखंड गंजून चौकट हलायला लागली. तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये बसवणारा फेन्सासारख्या, म्हणजे दारं-खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या, योजनेत नोंदलेला आहे ना ते विचारा. ही योजना २००२ पासून आहे. नोंदणीकृत माणूस काम नियमांनुसार झाल्याचं स्वतःच नोंदवतो आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं, नाहीतर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे जावं लागतं. घर विकताना समोरचा वकील तेच प्रमाणपत्र मागतो. जुनं घर घेत असाल तर तुम्हीही मागा. ते नसेल तर काचेच्या मधल्या स्पेसरवर नीट बघा, बऱ्याचदा तिथे काच बनल्याची तारीख छापलेली असते.