तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थ येत नसेल तर शब्द लावायचा कशाला?

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल जोडून शब्द करायचा खेळ. त्याच्या बोर्डावर क्यू-आय लावला की, पणजीत असो वा म्हापशात, बघणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "हा काय शब्द झाला? अर्थ तरी माहितेय?"

माहितेय. चिनी विचारातली प्राणशक्ती. पण गुण अर्थाला नसतात. क्यू 10 चा, आय 1 चा. क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात बसला आणि आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय झाला, तर 31 आणि 31 मिळून 62. प्राणशक्ती ठाऊक असल्याचा त्यात एकही नाही.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलत नसताना 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. याच जोरावर मी सांगत असे: खेळात चालणाऱ्या शब्दांची यादी पाठ करा, अर्थ सोडा. तेही अर्धवटच होतं म्हणा. सी-डब्ल्यू-एम म्हणजे डोंगरातली खोलगट दरी, वेल्श शब्द, डब्ल्यू तिथे स्वर. नाम आहे, म्हणून पुढे एस लागतो. क्यू-यू-ए म्हणजे 'या नात्याने'. त्याला एस लावलात तर चॅलेंज होणार, म्हणजे समोरचा शब्दावर हरकत घेणार, आणि पाळी जाणार. यादी विसरली की अर्थच हात देतो.

मग तो पी-ए-व्हीचा डाव झाला. टाइलची पिशवी रिकामी, खेळणाऱ्याच्या रॅकवर, म्हणजे टाइल मांडायच्या पट्टीवर, पी, ए, व्ही एवढंच. त्याने विचार केला, पाव आपला, इंग्रजीत कुठून येणार? भिऊन पी-ए लावला, त्या शब्दाचे 4 गुण. उरला व्ही. कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाच्या स्क्रॅबल-यादीत दोन अक्षरी शब्द 127, पण व्ही असलेला त्यात एकही नाही. त्यामुळे असा सुटा व्ही गळ्यातच पडतो. समोरच्याने शेवटची टाइल टाकली आणि त्या व्हीचे दुप्पट, म्हणजे 8 गुण घेतले. डाव 6 गुणांनी गेला. त्याच जागी पी-ए-व्ही बसत होता: 4 गुण जास्त, वर ते 8 वाचले असते. आणि पी-ए-व्ही यादीत आहे! फक्त तो आपला पाव नव्हे, पाव्हलोव्हा या अंड्याच्या पांढऱ्याच्या गोड पदार्थाचं लाडकं नाव. म्हणजे इथे अर्थ माहीत होता, तोच नडला. घरच्या शब्दांचं हे असंच. पी-ओ-आय चालतो, पण ती आपली पोई, म्हणजे गोव्याचा पाव, नाही, हवाईतला अळकुड्यांचा लगदा आहे. पोई समजून लावलात तरी 5 गुण मिळतातच.

तेव्हा अर्थ पाठ करा की नको? मला विचारू नका, मी दोन्ही सांगून बसलोय.

एफ-ई-एन-आय मात्र चालतो, आणि तो खरंच आपल्या फेणीचा. त्याच काजूच्या रसाची आधी निघणारी उर्राक लावू नका, चॅलेंजमध्ये पडेल.