नाशिकला ९५० चा वारा जमिनीखाली वाहतो

दिवाळीनंतर सुरू केलेल्या हवामानाच्या वहीची ही पुढची नोंद. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी राहतो नाशिकला, उडतो धुळ्याला. ओझरची धावपट्टी घरापासून जवळ, पण ती एचएएल या विमान कारखान्याची, तिथे मान सुखोईंचा. नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी पहाटे गाडी काढायची, चांदवड-मालेगाव करत धुळ्याची गोंदूर धावपट्टी गाठायची आणि भाड्याचं छोटं सेसना विमान घेऊन तासभर हिंडून यायचं. दीडशे किलोमीटर जाऊन धुरकट आभाळाकडे बघत नुसता चहा पिऊन परतायचं नसेल, तर अंदाज आदल्या रात्रीच बांधावा लागतो. मोबाइलवरच्या हवामानाचा नाद मला लागला तो यातून.

आधीच सांगून टाकतो, कारण फोनवर सगळं दिसत असताना बाकीचं कशाला, असं दर वेळी कुणीतरी विचारतंच: फ्लाइट प्लॅन, एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी, एफआयसी म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा नंबर हे सगळं आहे तसंच करायचं आणि ब्रीफिंग हवामान खात्याचंच घ्यायचं. अ‍ॅपचा उपयोग त्याच्या आधी, गाडीत पेट्रोल टाकायचं की नाही हे ठरवण्यापुरता.

आता या हंगामातली सगळ्यात कामाची गोष्ट. विंडी या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये हवेच्या दाबानुसार उंचीची पट्टी असते. तिच्यावर ९५० हेक्टोपास्कलपुढे ६०० मीटर लिहिलेलं असतं, ९२५ पुढे ७५०, ८५० पुढे १५००. हे मीटर समुद्रसपाटीपासूनचे. नाशिक स्वतःच जवळजवळ ६०० मीटरवर बसलंय. हिवाळ्यात गच्चीवर फोनचा बॅरोमीटर उघडून बघा, आकडा ९४५ च्या आसपास दिसेल. म्हणजे ९५० ची पातळी आपल्या पायाखाली गेली! तरी अ‍ॅप तिथला वारा दाखवतंच, दिशा आणि नॉट्समधल्या वेगासकट, कारण हवामानाचं संगणकी मॉडेल जमिनीखालीही गणित पुढे ओढून आकडा भरून टाकतं. मुंबईकराला ती पातळी दोन हजार फुटांवरची हवा म्हणून उपयोगी पडते. आपण नाशिकला असताना ती सोडून द्यायची आणि थेट ९२५ बघायचं, म्हणजे घराच्या वर साधारण पाचशे फूट. पट्टीवरचे १०० मीटर मात्र जमिनीपासूनचे असतात, ते कुठेही चालतात.

गंमत पुढे आहे. धुळं तापीच्या खोऱ्यात, नाशिकपेक्षा हजारएक फूट खाली. तिथे हीच ९५० ची पातळी जमिनीपासून सुमारे अकराशे फुटांवर येते. आणि सर्किट, म्हणजे उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची फेरी, किती फुटांवर करतो आपण? हजार. म्हणजे नाशिकला निरुपयोगी ठरलेला आकडा गोंदूरला डाउनविंडवरचा, म्हणजे फेरीत धावपट्टीला समांतर उडतानाचा, वारा सांगतो. हल्ली मी जमिनीलगतचा १० मीटरचा आणि ९५० चा वारा शेजारी शेजारी लिहितो. खाली पाच नॉट आणि वर वीस असेल, तर फायनलवर, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, कुठेतरी वेग अचानक पडणार हे धरून चालतो. थंडीच्या सकाळी हा फरक हमखास असतो. रात्रभर गार झालेली हवा खाली गोठून बसते आणि वरचा वारा तिच्यावरून घसरत जातो. धावपट्टीजवळचा वारा दाखवणारा कापडी विंडसॉक मात्र निवांत लटकलेला.

वेळेचाही हिशेब मांडला. मॉडेल झुलू वेळेवर, म्हणजे ग्रीनिचच्या घड्याळावर, चालतात: ००, ०६, १२, १८. त्यात साडेपाच तास मिळवा. १८ झुलू म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. जीएफएस या अमेरिकी मॉडेलचा तो रन, म्हणजे ती गणना, पहाटेपर्यंत फोनवर येतो. पहाटेच्या साडेपाचची गणना हातात पडेपर्यंत आपलं उड्डाण संपून मालेगावला मिसळ खाऊन होते. म्हणजे सकाळी सहाला आपण जे ताजं म्हणून बघतो ते आदल्या रात्रीचं आभाळ असतं. म्हणून निघताना मी अंदाजापेक्षा छत्रपती संभाजीनगरचं आणि मुंबईचं मेटार आधी उघडतो. ती विमानतळावरची प्रत्यक्ष नोंद, दर अर्ध्या तासाची.

धुक्याच्या बाबतीत मात्र अ‍ॅपपेक्षा माझे दाजी सरस. त्यांचा पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचा मळा. छाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने ते दवबिंदूवर माझ्याहून जास्त लक्ष ठेवून असतात, आणि त्यांच्याही फोनवर तेच विंडी. डिसेंबरात पहाटे त्यांचा फोन:
"पानं निथळताहेत हो. तुमचं इमान काय उडत नाही आज."
"दाजी, तापमान किती, दवबिंदू किती ते सांगा की."
"दोन्ही अकरा. वारा नाही. चहा घ्यायला या इकडंच."
अ‍ॅपवर दृश्यमानता चांगली हिरवीगार होती. महामार्गावर पिंपळगावच्या पुढे पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दिसत नव्हते. आपल्याला व्हीएफआरला, म्हणजे डोळ्यांनी बघत उडायला, पाच किलोमीटर लागतात. तापमान-दवबिंदूत अंतर उरलं नाही, वारा नाही, आभाळ निरभ्र आहे, या तिन्ही गोष्टी रात्री दहाला जुळताना दिसल्या तर मी अ‍ॅपमधला दृश्यमानतेचा थर उघडतच नाही. तो सगळ्यात कच्चा आहे, हे माझं स्पष्ट मत.

ढगाच्या तळाचं गणित तेवढं फोनच्या आकड्यांवर बरं जमतं. दुपारच्या कापसासारख्या ढगांसाठी तापमान आणि दवबिंदूतल्या प्रत्येक अंशाला ४०० फूट. धुळ्याला पाच अंशांचं अंतर म्हणजे तळ दोन हजार फुटांवर, ऐकायला ठीक. पण तो समुद्रसपाटीपासून झाला २९०० च्या आत, आणि त्याच ढगाखालून नाशिककडे यायचं म्हटलं की जमीन वर येते: खाली उरतात नऊशे फूट. ढगापासून उभं हजार फूट अंतर राखायचं तर मग उडायचं कुठून, आणि सातमाळ्याचे डोंगर तर वेगळेच. धोडप १४७२ मीटर, म्हणजे ४८०० फुटांच्या वर. ९ किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करणाऱ्या युरोपियन मॉडेलला धोडप दिसतच नाही. त्याच्या लेखी तिथे बुटकी, गोलसर टेकाडं. राहुड घाटावर ढग टेकलेत का, याचं उत्तर जाताना गाडीच्या काचेतूनच मिळतं.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही, मागे लिहून झालंय. एकच: डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची, हाताने काढा. गोंदूरच्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यात ४२ असेल तर फरक २९, दर अंशाला १२० फूट, म्हणजे साडेतीन हजार फूट वाढले. धावपट्टी आहे तिथेच, पण इंजिनाला वाटतं आपण साडेचार हजार फुटांच्या आसपासच्या पठारावर आहोत. समुद्रसपाटीला धरलेला दाब १०१३ पेक्षा जेवढा खाली, तेवढ्या दर हेक्टोपास्कलला आणखी तीसेक फूट. सकाळी नऊनंतर मी जातच नाही. वावटळी उठायला लागल्या की सेसनेत बसणं म्हणजे बैलगाडीतून खडीवर जाणं.

वळवाच्या दिवसांत खरी सोबत दामिनीची. पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं हे वीज दाखवणारं अ‍ॅप. ते आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं आखतं. गडगडाटी ढगापासून २० नॉटिकल मैल लांब राहा हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, आणि २० नॉटिकल मैल म्हणजे ३७ किलोमीटर. त्यामुळे नियम सोपा करून टाकला: बाहेरच्या वर्तुळात एकही ठिपका पडला तर त्या दिवशी हँगरमध्ये गप्पा. एकदा उड्डाण शिकवणाऱ्या सरांना हे दाखवलं तर म्हणाले, "ठिपका पडायच्या आधी पश्चिमेला बघ की, मान आहे ना?" बरोबरच आहे. ठिपका पडतो तो वीज कोसळल्यावर. ढग त्याच्या बराच आधी डोळ्यांना दिसतो.

मॉडेल एकमेकांशी भांडतात ते मला आता आवडायला लागलंय. जीएफएस आणि युरोपियन दोघं शनिवारच्या दुपारबद्दल सारखं बोलले तर मी निर्धास्तपणे विमान बुक करतो. एक म्हणतो कोरडं आणि दुसरा म्हणतो गडगडाट, तर पहाटेचा स्लॉट घेतो आणि धुळ्याच्या आसपासच राहतो. कोण खरं ठरलं ते वहीत लिहितो, पण अजून कुणा एकाची बाजू घ्यावी इतका पुरावा नाही. एप्रिलच्या अवकाळीत तर दोघंही चुकले आणि दाजींची उरलीसुरली बाग गारांनी झोडपली.

आता जून. इगतपुरीच्या बाजूने ढग घाट चढायला लागलेत. त्र्यंबक भिजलं तरी सिन्नर कोरडं, हे नेहमीचंच. पावसाळ्यात उड्डाणं कमीच होतील, तेवढ्यात ९५० चा अंदाज आणि सर्किटमधला प्रत्यक्ष ड्रिफ्ट, म्हणजे वाऱ्याने विमान बाजूला किती सरकलं ते, यांचा तक्ता पूर्ण करायचा विचार आहे. बारामती किंवा शिर्डीहून कुणी उडत असेल, तर तुमच्या धावपट्टीवर कोणती पातळी सर्किटच्या उंचीला येते ते काढून कळवा, तक्त्यात रकाना मोकळा ठेवलाय.