लॉख गॉर्म: बाटली अर्ध्यावर आली

लॉख गॉर्म या स्कॉच व्हिस्कीबद्दल गेल्या वेळी लिहिलं तेव्हा बाटली खांद्याशी होती. आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर आत ३३० ग्रॅम उरली आहे, म्हणजे सुमारे ३५० मिली. (४६ टक्क्यांची व्हिस्की पाण्याहून हलकी असते. मी आधी ग्रॅम म्हणजेच मिली धरून हिशेब मांडला होता आणि घरातलं कोणीतरी गुपचूप घोट घेतंय असा संशय घेऊन बसलो होतो.)

नव्याने आलेल्यांसाठी: ही किलहोमन डिस्टिलरीची, स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या रॉकसाइड शेतावरची. २००५ साली सुरू झालेली ही डिस्टिलरी म्हणजे बेटावर सव्वाशे वर्षांनी उभी राहिलेली पहिली. लॉख गॉर्म वर्षातून एकदाच येते आणि लेबलवर साल छापलेलं असतं. पहिली २०१३ ची. पूर्ण मुरवण ओलोरोसो शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाइनच्या, पिंपांत. शेजारच्या तळ्यावरून नाव पडलं आहे.

पहिला पेग, डिसेंबरमध्ये: नाकाशी धूर, विझवलेल्या चुलीसारखा. मागे काळे मनुके आणि संत्र्याची साल. वहीत लिहिलंय, ‘कडक, थोडी रागीट.’

जानेवारीअखेर: धूर मागे सरकला, बहुधा बाटलीत हवा शिरल्याने. मनुके पुढे आले, त्यांच्या जोडीला आक्रोड आणि जरा तुरट चॉकलेट. मला वाटलं होतं शेरी म्हणजे गोडवा. पण ओलोरोसो कोरडी असते, हवेशी खेळून मुरलेली. पिंपातून उतरते ती सुकामेव्याची आणि लाकडाची तुरटी. तशी आजची बहुतेक शेरी-पिंपं शेरी विकण्यासाठीची नसतात, तर व्हिस्कीवाल्यांसाठीच शेरी भरून मुरवलेली असतात. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी वास जात नाही, तसं हे प्रकरण. फरक इतकाच की इथे बरणीसाठीच लोणचं घालतात.

आता माझा फजितीचा प्रयोग. बाटली उघडली त्या दिवशी ६० मिली वेगळी काढून, गच्च बूच लावून ठेवायची, म्हणजे पुढे जुनी-नवी शेजारी ठेवून चाखता येईल, असा बेत होता. काढली ती एका छोट्या बाटलीत, जी पूर्वी खोकल्याच्या औषधाची होती. तीनदा उकळून धुतली होती. काल उघडली: आयलाचा धूर, वर मेंथॉल. साठ मिली वाया. (ओतून टाकली नाही हे कबूल करतो.) त्यामुळे ‘हवा लागल्याने धूर कमी झाला’ हा माझा दावा फक्त वहीच्या भरवशावर आहे.

पाण्याचं मात्र नीट जमलं. ३० मिलीत ४.५ मिली घातलं की ४० टक्के होते. त्यावर ती सपक लागते. अडीच मिलीवर, म्हणजे साडेबेचाळीसच्या आसपास, सगळ्यात मोकळी. एकदा पाहुण्यांनी बर्फ घातला आणि ग्लास गढूळ झाला, तेव्हा मी घाबरलो. पण ही थंड करून गाळलेली नसते, म्हणून स्निग्ध अंश तसेच राहतात आणि गारठ्यात दिसू लागतात. रंगही पिंपाचाच आहे.

एक गोष्ट मला खटकते. शेतावरची म्हणून मी हिच्यावर भाळलो, पण हिचा माल्ट, म्हणजे अंकुरवून सुकवलेली बार्ली, बेटावरच्याच पोर्ट एलन गावाहून येतो, ५० पीपीएम पीटचा (पीट म्हणजे दलदलीतली जळाऊ माती; तिच्या धुराचा जोर पीपीएममध्ये मोजतात). शेतात पिकलेली, तिथेच फरशीवर पसरून अंकुरवलेली बार्ली ‘शंभर टक्के आयला’ नावाच्या दुसऱ्या बाटलीत जाते. तिचा धूरही सौम्य, २० पीपीएम. म्हणजे मी तीन महिने चाखतोय ती मुख्यतः पिंपाची करामत.

उरलेली ३५० मिली, हवा लागू नये म्हणून, आजच दोन लहान बाटल्यांत काठोकाठ भरली. दोन्ही नव्या कोऱ्या. मावसभाऊ दिवाळीत लंडनहून येतोय. निरोप धाडला आहे: या खेपेला ती दुसरी आण.