खोक्याच्या झाकणातली तारीख

बोरा बाजारात कॅमेऱ्यांची आणि दुर्बिणींची दुरुस्ती करत माझं आयुष्य गेलं. भिंगावरची बुरशी हा इथला रोजचा धंदा. मुंबईचे चार पावसाळे बंद पेटीत काढले की काचेवर जाळी धरतेच. त्या मुलीने लाकडी खोका काउंटरवर ठेवला तेव्हाही तेच काम असणार असं वाटलं.

"काका, ही दुर्बीण चोर बाजारातून घेतली. शंभर वर्षांची आहे, इंग्रजांच्या जहाजावरची, असं म्हणाला तो. साडेसहा हजार दिले."

लालबागची, कॉलेजात शिकणारी. शिकवण्यांचे पैसे साठवून घेतली होती. खरं सांगताना जीव थोडा जड झाला.

पांढरी लांब नळी, पुढच्या कड्यावर कोरलेलं: डी ६० मिमी म्हणजे भिंगाचा व्यास, एफ ९०० मिमी म्हणजे त्याचं नाभीय अंतर, आणि खाली 'कोटेड', म्हणजे लेप दिलेलं. तिला भिंग तिरकं धरून दाखवलं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब निळसर-जांभळं दिसत होतं. भिंगावर असा लेप द्यायची पद्धत १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग कंपनीच्या स्माकुलाने काढली, आणि साध्या दुर्बिणींपर्यंत तो महायुद्धानंतरच पोचला. शंभर वर्षांची गोष्ट तिथेच संपली. पायांच्या जोडावरचे स्क्रू चौफुलीचे, म्हणजे फिलिप्स. तेही १९३० च्या दशकातले. नेत्रिकांचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांचा, व्यास साडेचोवीस मिलिमीटर, त्यांच्यावर एच.एम. १२.५ आणि एस.आर. ४ अशी अक्षरं: आधी प्रकार, मग मिलिमीटरमधलं नाभीय अंतर. ही जपानी घडण. प्रतिमा स्पष्ट करायच्या फोकसरच्या खाली अर्धा सोललेला सोनेरी लंबगोल स्टिकरही सापडला, जपानच्या दुर्बीण तपासणी संस्थेचा. व्यापाऱ्याच्या नावाची पट्टी मात्र गायब होती. तिचं मला फारसं महत्त्व नाही, कारण एकाच कारखान्याचा माल तेव्हा डझनभर नावांनी विकला जायचा.

"मग कधीची?"

"महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात होता, तेव्हाच्या मालावर असायचं तसं 'ऑक्युपाइड जपान' कुठे लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा १९५२ नंतरची. बटणं धातूची, खोका लाकडी. पुढे प्लास्टिक आणि थर्माकोल आलं. पंचावन्न ते सत्तर धर. याहून जवळ मी जाऊ शकत नाही."

तिचा चेहरा उतरला. पण भिंग उत्तम होतं. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचा, मध्ये पातळ पत्र्याचे तीन बारीक तुकडे. उघडण्याआधी दोन्ही काचांच्या कडेवर मी पेन्सिलने एक तिरकी रेघ मारायला गेलो, तर तिथे आधीच एक रेघ होती. बनवणाऱ्याने मारलेली. काचा एकमेकींशी कशा बसवायच्या, याची ती खूण. ती जुळली तरच प्रतिमा नीट येते. गेल्या इतक्या वर्षांत ही जोडी कुणी चुकीची बसवली नव्हती, याचा मला खरोखर आनंद झाला. खोक्यात नेत्रिकेवर बसवायची सूर्याची काळी काच होती, ती मात्र मी परत देणार नाही असं सांगितलं. उष्णतेने ती तडकते आणि त्या क्षणी डोळा जातो.

मी बुरशी पुसत होतो, ती खोका पुसत होती. झाकणाच्या आतल्या बाजूला धुळीखाली पेन्सिलची अक्षरं निघाली:

"शनि. १० डिसें. सं. ७ – शनी, कडी नाही! रा. ११ – गुरू, दोन पट्टे."

वर्ष नाही. मी कापूस खाली ठेवला.

शनीची कडी लाखो किलोमीटर रुंद, पण जाडीला किलोमीटरभरही नाहीत. साधारण पंधरा वर्षांनी पृथ्वी त्यांच्या प्रतलात येते आणि लहान दुर्बिणीतून ती दिसेनाशी होतात. १९६६, १९७९-८०, १९९५-९६, २००९. मोबाइलवर नभोनकाशा उघडला आणि एकेक डिसेंबर लावला. १९७९ आणि २००९ ला शनी मध्यरात्रीनंतर उगवत होता, संध्याकाळी सात वाजता दिसणं शक्य नाही. १९९५ ला शनी संध्याकाळी होता, पण गुरू सूर्याजवळ हरवलेला. १९६६ लावलं. सात वाजता शनी दक्षिणेला उंच, कुंभेत. अकरा वाजता पूर्वेला कर्केत गुरू. वार पाहायचा राहिला होता. तिने पाहिला.

"काका, शनिवारच."

खोका भलत्याच दुर्बिणीचा तर नाही ना, ही शंका मला सुटत नव्हती. जुन्या बाजारात अशा जोड्या लावतात. मी नळी आतल्या लाकडी खोबणीत ठेवली. दोन्ही टेकू बरोबर बसले, आणि नळीचा रंग उडालेला पट्टा नेमका टेकूच्या जागी आला. तेव्हा कुठे मी म्हणालो, ही दुर्बीण डिसेंबर १९६६ ला मराठी माणसाच्या हातात होती.

संध्याकाळी गच्चीवर नेऊन पाहिली. सीएसएमटीच्या घुमटावरची मूर्ती उलटी, पण हातातल्या चाकाचे आरे सुटे दिसले. १२.५ मिमीच्या नेत्रिकेने, ७२ पटीत प्रतिमा स्वच्छ होती. ४ मिमीची नेत्रिका लावली तर २२५ पट होते, ते ६० मिमीच्या भिंगाला झेपत नाही, म्हणून ती वापरू नकोस म्हटलं.

खोक्याला पॉलिश पेपर मारून नवा करायचं तिने ठरवलं होतं. जाताना तिने तो तसाच, धुळीच्या डागांसकट, ओढणीत गुंडाळला.